लाल चेंडू

१ जुलै २०२५
पाऊस. कॉलेजच्या टेनिस कोर्टवर पाणी. मुलांनी वायपर ओढले, बेसलाइनजवळच्या खोलगटात डबकं तसंच. तिथे चेंडू कोरड्यातही मरतो. नव्या मुलींपैकी एकीचा बॅकहँड सुरेख. पाय आळशी.
माझ्या कंत्राटाची फाइल ‘वर’ आहे म्हणे.

४ जुलै
कात्रज चौकात पुलाच्या कामापाशी अडकलो. बागेत पोचलो तर आमच्या ज्येष्ठ मंडळींनी दोन झाडांना दोरी बांधून खेळ सुरूही केलेला. खऱ्या नेटची उंची मधोमध ९१ सेंटिमीटर. आमची, गटातल्या काकूंच्या कमरेएवढी.
अण्णांनी पुन्हा सांगितलं, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत नेलं. सांगताना चेंडू सुटतो. दर वेळी.

६ जुलै
आषाढी. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी आलेल्या दोघांना बाकावर बसवलं. साखर उतरली तर काय, हे चारचौघांत सांगितलं. मग साबुदाण्याच्या खिचडीवर वाद. ती खाऊन साखर चढते, हे कुणालाच मान्य नाही.

१० जुलै
गुरुपौर्णिमा. जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. एकेकाळी विद्यापीठाच्या संघात. आता बँकेत, पोट सुटलेलं. म्हटलं, सकाळी बागेत ये. हसला. येणार नाही.

१५ जुलै
काकू आल्या नाहीत.

१६ जुलै
बाथरूममध्ये पडल्या. मनगट मोडलं. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं, “सर, आता तिचं खेळणं बंद.”
पडल्या बाथरूममध्ये, बंद खेळणं.

१७ जुलै
बागेत आज रॅकेट नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं. भिंतीला बोट लावून एका पायावर उभं राहणं. अण्णांना तीन सेकंदही जमेना, चिडले. घरी बाथरूममध्ये पकडायला दांडा आहे का, विचारलं. बहुतेकांकडे नाही. टीव्ही मात्र दोन-दोन.

२१ जुलै
कॉलेजात तोच व्यायाम मुलांना. एका पायावर, डोळे मिटून. हसत सुटले, मग डगमगले. बॅकहँडवाली सगळ्यांत आधी पडली. पाय आळशी नाहीत, घोट्यात जोर नाही. तिचा सराव बदलायचा.

२८ जुलै
वैष्णवी आडकरला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य. जर्मनीत. आपल्या पुण्याची पोरगी. याआधी एकेरीत भारताचं पदक नंदन बाळचं, १९७९चं रौप्य. मुलांना सांगितलं. एकाने विचारलं, “मधे कुणीच नाही, सर?”
नाही. मधे सेहेचाळीस वर्षं.
संध्याकाळी कोणी न सांगता मुलांनी कोर्ट पुसलं.

२ ऑगस्ट
अण्णांनी मोबाइल पुढे केला : टेनिसने आयुष्य ९.७ वर्षांनी वाढतं. कोपनहेगनचा अभ्यास आहे, २०१८ साली छापलेला, खोटा नाही. बैठं आयुष्य काढणाऱ्यांशी तुलना होती. पण टेनिस खेळणाऱ्याकडे पैसा असतो, वेळ असतो. वर्षं त्यानेही वाढत असतील. समोर कुणीतरी लागतं, याचाही वाटा असेल असं त्या संशोधकांनाच वाटलं होतं. मला ते पटतं. आमच्याकडे कोर्ट नाही, समोर कुणीतरी आहे.
अण्णा म्हणाले, “म्हणजे मी नव्वद पार?” आधी एका पायावर उभे राहा म्हटलं.

९ ऑगस्ट
राखीपौर्णिमा. बागेत चौघेच. बॅकहँडवाली आली, लाल चेंडूंची पिशवी घेऊन. या चेंडूचा वेग नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के कमी, म्हणून ती स्वतःच बावचळली. हात आधीच फिरून मोकळा. सगळे खूश.

१८ ऑगस्ट
कॉलेजच्या ऑफिसातून बोलावणं. कंत्राटाचं असेल म्हणून धावलो. नॅक मूल्यांकनाच्या कागदांत ‘विस्तार उपक्रम’ कमी पडताहेत. बागेतलं ते दाखवता येईल का? फोटो हवेत, तारखेसकट. बॅनर हवा.
कंत्राट? “तेही बघू.”

२१ ऑगस्ट
काकू आल्या. प्लॅस्टर निघालंय, मनगट अजून ताठ. मुलगा गेटपर्यंत सोडून गेला, आत आला नाही. घरी दांडा बसवलाय. रॅकेट डाव्या हातात धरली. पहिले चार चेंडू झाडीत, पाचवा अण्णांच्या पायाशी.

२३ ऑगस्ट
बॅनर आला. त्यावर संस्थेचं नाव, प्राचार्यांचा फोटो. बागेचा उल्लेख नाही. काकूंनी पूर्ण वाचला आणि विचारलं, “आणि हे कधी आले होते हो खेळायला?”
फोटोला सगळे उभे राहिले. काकूंनी अट घातली : एका पायावर.