दप्तर जवळ येतं तेव्हा

मुंबईहून नाशिकला निघालेली वाहनं कसारा घाट चढायला लागतात, त्याच्या अलीकडे डावीकडे खोडाळ्याचा रस्ता फुटतो. विहीगाव मागे पडलं की महामार्गाचा गोंगाट संपतो आणि डोंगर जवळ येऊ लागतात. ऑक्टोबरात हा रस्ता पिकं पाहत जाण्याचा. खाचरांत भात पिवळं पडलेलं, उतारावर वरई कापणीला आलेली, नागलीची कणसं मूठ आवळल्यासारखी आत वळून तांबूस झालेली. ज्या वरकस माळावर दुसरं काही तगत नाही, तिथे खुरासणी फुललेली.

या हिरवाईखाली काळा कातळ आहे आणि त्यावर माती हातभरच. मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, पण तो जमिनीत मुरत नाही. ओढ्यांवाटे वैतरणेला, पिंजाळला मिळतो आणि निघून जातो. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं. 102 मीटर उंचीचं हे धरण मुंबईला दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देण्यासाठी आहे. आणि त्याच तालुक्याच्या पाड्यांवर होळीच्या आधीपासून विहिरी तळ गाठतात, टँकरची मागणी सुरू होते. टँकर मागायलाही रीत आहे. ग्रामपंचायतीचा ठराव हवा, मग तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची पाहणी, मग मंजुरी. बाईच्या डोक्यावरच्या हंड्यात पाणी पडण्याआधी एक कागद चार टेबलं फिरून यावा लागतो. ती टेबलं किती लांब आहेत, यावर इथल्या माणसाचं निम्मं आयुष्य ठरत आलं आहे. जव्हार-मोखाड्याचा इतिहास मला याच अंतराच्या हिशेबाने वाचावासा वाटतो.

खोडाळा, देवबांधचं गणपतीचं देऊळ, सूर्यमाळचा उंच माथा असं करत रस्ता मोखाड्याला पोचतो. गाव लहान. एक बाजाररस्ता, तहसील, पोलीस ठाणं, पंचायत समिती, एसटीची वाट पाहणारी माणसं. इंग्रजी अमलात मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग होता. शेजारचं जव्हार संस्थानी, मोखाडा मात्र खालसा मुलखात. जंगल एकच, बोली आणि देव तेच, पण ओढा ओलांडला की सरकार बदलायचं. जव्हारच्या रयतेला फिर्याद घेऊन राजाच्या गावी जाता येई. मोखाड्याच्या माणसाला आधी शहापूर, मग ठाणं.

आज मोखाड्याला स्वतःची नगरपंचायत आहे. महाराष्ट्र सरकारने 2014 नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायला सुरुवात केली, त्यात मोखाडा, विक्रमगड आणि तलासरी ही पालघर जिल्ह्यातली आदिवासी तालुक्यांची गावं आली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी. एवढ्याशा गावाचे 17 प्रभाग झाले. काही प्रभागांत एकमेकांना नावाने ओळखणारी मोजकी घरं. निवडून आलेला सदस्य सकाळी चहाच्या टपरीवर भेटतो, आणि ‘आमच्या गल्लीतला दिवा लागत नाही’ हे त्याला तिथेच ऐकावं लागतं. मुंबईत नगरसेवकाला गाठायला महिना जातो. इथे तो लपू म्हटला तरी लपू शकत नाही.

उन्हाळ्यात मोखाड्यात बोहाडा होतो. देवादिकांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून रात्रभर वाजंत्रीच्या ठेक्यावर सोंगं नाचतात. कोणतं सोंग कोणी नाचवायचं, हा मान घराण्याघराण्यांत ठरलेला असतो. मोखाड्याच्या जगदंबेच्या उत्सवाला आसपासच्या पाड्यांवरून माणूस लोटतो. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवं, रात्रभर उजेड हवा, सकाळी रस्ता झाडलेला हवा. सोंगांचा मान घराण्यांकडे आहे, ही कामं नगरपंचायतीकडे. उत्सव पाहायला येणाऱ्याने पहाटे झाडू घेऊन निघालेल्या सफाई कामगारांकडेही पाहावं. एवढा मोठा बोहाडा गावाला पेलतो तो त्यांच्याही बळावर.

मोखाड्याहून जव्हारकडे जाणारा रस्ता त्र्यंबकेश्वरकडून येणाऱ्या जुन्या वाटेचाच भाग. नाशिकचा देश आणि डहाणू-सुरतेचा किनारा यांना जोडणारी ही वाट ज्याच्या ताब्यात, त्याला महत्त्व. परंपरा सांगते की चौदाव्या शतकाच्या आरंभी जयबा मुकणे या महादेव कोळी सरदाराने इथे सत्ता उभी केली. बैलाच्या कातड्याएवढी जागा मागून, त्या कातड्याच्या बारीक वाद्या करून त्याने मोठा मुलूख वेढला, ही दंतकथा जव्हारात आजही सांगतात. त्याच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाकडून निमशहा हा किताब 1343 मध्ये मिळाल्याचं संस्थानचा इतिहास नोंदवतो. 1664 च्या जानेवारीतल्या सुरतेच्या स्वारीसाठी निघालेले शिवाजी महाराज याच वाटेने गेले. जव्हारच्या विक्रमशहाने त्यांची भेट घेऊन मानाचा तुरा अर्पण केला तो माळ म्हणजे शिरपामाळ, असं गाव मानतं. पुढे आठच वर्षांनी, 1672 मध्ये, महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. वाटेवरच्या राज्याला मैत्री आणि स्वारी दोन्ही एकाच दिशेने येतात.

मुकण्यांचं राज्य तरीही टिकलं. सुमारे 310 चौरस मैलांचं, नऊ तोफांच्या सलामीचं हे संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. गावाबाहेर उंचावर उभा असलेला जयविलास राजवाडा पाहायला पर्यटक येतात. तो शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला. दगडी कमानी, घुमट, भोवती काजूची झाडं, खाली उतरत गेलेलं जंगल. पाहण्यासारखाच आहे. पण मला जव्हारात त्याहून मोठी वाटली ती दुसरी एक संस्था, जिच्यासमोर कोणी फोटो काढत नाही: जव्हार नगरपरिषद.

ती 1918 मध्ये स्थापन झाली, यशवंतरावांचे वडील मार्तंडराव राजे असताना. ते साल लक्षात घ्यावं. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केलेली. लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव 1882 मध्ये केला होता, पण तो ब्रिटिश मुलखासाठी. संस्थानच्या राजावर असली सभा स्थापण्याची सक्ती नव्हती. डोंगरातल्या एका लहान राजधानीत रस्ते, दिवाबत्ती आणि सफाई ही राजाच्या मर्जीची बाब न राहता एका सभेच्या कामकाजाची बाब झाली, हे शंभर वर्षांपूर्वीचं पाऊल मला राजवाड्याच्या घुमटापेक्षा उंच वाटतं. राज्य गेलं, जिल्हे बदलले, नगरपरिषद जागच्या जागी आहे.

2011 च्या जनगणनेत जव्हार शहराची लोकसंख्या 12 हजारांच्या आसपास होती. ‘क’ वर्गाची ही नगरपरिषद, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात लहान शहरांच्या पंगतीतली. आत पाऊल टाकलं की ओळखीचं दृश्य दिसतं: घरपट्टी-पाणीपट्टीची खिडकी, मालमत्ता हस्तांतराच्या नोटिसा, निविदेची सूचना, दाखल्यासाठी उभी असलेली माणसं. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका कोणत्याही छोट्या गावाची असते तशीच: अमुक गटाराची दुरुस्ती, तमुक गल्लीतला खांब, स्मशानभूमीची शेड, आठवडे बाजाराचा ठेका. पुढे सूचक, अनुमोदक आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. वाचायला नीरस, पण यातल्या प्रत्येक ओळीमागे कुणाच्या तरी दारात साचलेलं पाणी असतं, कुणाच्या तरी मयतीला पावसात न मिळालेला आडोसा असतो. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने जी कर्तव्यं बंधनकारक केली, ती हीच: दिवे, सफाई, पाणी, आग विझवणं, दहन-दफनाची जागा, जन्म-मृत्यूची नोंद.

शहराला पाणी येतं जयसागर जलाशयातून. कोणत्या भागाला किती वाजता सोडायचं, हे वॉलमनला पाठ असतं. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली की नळाची वेळ कमी होते आणि बायकांचे प्रश्न आधी त्यालाच. खडखड धरणावरून शहराला पाणी आणण्याचा विषय इथे अनेक वर्षं चर्चेत आहे. धरण तालुक्यात आहे. ते पाणी डोंगर चढवून आणायचं तर जलवाहिनी हवी, पंपांचं वीजबिल हवं. 12 हजारांच्या गावाची घरपट्टी असून असून किती असणार! उत्पन्न लहान गावाचं आणि खर्च डोंगराचा, ही प्रत्येक घाटमाथ्यावरच्या नगरपरिषदेची अडचण आहे. त्यात जव्हारवर भार फक्त जव्हारकरांचा नाही. पतंगशहा कुटीर रुग्णालय, महाविद्यालय, आश्रमशाळांची वसतिगृहं, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, एसटीचा आगार, बाजार यांच्यासाठी दोन तालुक्यांतून माणसं रोज इथे येतात. कर देतात गावातली घरं. रस्ता, पाणी, कचरागाडी लागते सगळ्यांना.

जन्मनोंदीचं काम जवळून पाहावं. जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद करावी, असं 1969 चा कायदा सांगतो. म्हणून लांबच्या पाड्यावरची बाई बाळंतपणाला जव्हारच्या रुग्णालयात आली की तिच्या बाळाची नोंद जव्हारात होते. 21 दिवसांत कळवलं तर काम सोपं. उशीर झाला की शुल्क, स्वसाक्षांकित कागद, वरिष्ठांचा आदेश अशा पायऱ्या वाढत जातात. इकडची कुटुंबं दिवाळी झाली की भिवंडी, वाडा, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. दाखला राहून जातो आणि आठवतो तो पोराला शाळेत घालताना. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. ‘नाव टाकायचं राहिलंय, भाऊ,’ म्हणत पदराआडून घडी केलेला कागद काढणारी आई आणि तिला ‘ताई, बसा, आईबापाचं नाव कसं लिहायचं ते आधी सांगा’ म्हणणारा कारकून, यांच्यातल्या त्या पाच मिनिटांत एका नागरिकाचं सगळं आयुष्य सरळ किंवा वाकडं होऊ शकतं. त्या टेबलावरचा माणूस समजूतदार असणं ही सरकारची फार मोठी कामगिरी आहे.

सरकार लांब गेलं की काय होतं, हेही या डोंगराने भोगलं आहे. 1948 नंतर जव्हार ठाणे जिल्ह्यातला एक तालुका झाला आणि जिल्ह्याचं मुख्यालय शंभरावर किलोमीटर लांब गेलं. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हा हा मुलूख राज्याला दिसला. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी बसू लागले. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला व्हावं अशी इथल्या लोकांची इच्छा होती. ते गेलं रेल्वेमार्गावरच्या पालघरला. मोखाड्याच्या माणसाला तिथे जाऊन यायचं तर आजही दिवस मोडतो, मजुरी बुडते. अशा वेळी चालत गाठता येईल असं एकच सरकार उरतं: गावाची ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद.

म्हणून तिथली खुर्ची रिकामी राहणं इथे जास्त लागतं. जव्हार नगरपरिषदेची 2017 च्या डिसेंबरात निवडणूक झाली. पुढची व्हायला 2025 चा डिसेंबर उजाडला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात राज्यभरातल्या निवडणुका अडकल्या, मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक आले. प्रशासक काम करतो, सही करतो. पण ज्याला टपरीवर गाठून जाब विचारता येईल असा सदस्य त्या काळात नसतो.

आणि एक गाठ अजून सुटायची आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपज, गावचा बाजार, जमीन, लाभार्थींची निवड यांत हक्क दिले. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले, आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट या ग्रामपंचायतींना मिळू लागला. पण पेसा पंचायतींचा कायदा आहे. गाव नगरपंचायत झालं की पाड्यावरची ग्रामसभा संपते. तिच्या जागी आदिवासींच्या हक्कांची हमी देणारा नगरांसाठीचा कायदा संसदेत 2001 मध्ये विधेयकाच्या रूपाने आला, पण तो मंजूर झाला नाही. मोखाड्याच्या हद्दीतल्या पाड्याचं राहणीमान तेच, जंगलाशी नातं तेच, शेतीही तीच. बदलला फक्त कार्यालयावरचा फलक, आणि त्याबरोबर मोहाच्या झाडाखाली बसून स्वतःचा ठराव करण्याचा हक्क गेला.

नगरपंचायत नको, असं म्हणणं नाही. मोखाड्याला गटारं, पथदिवे, अग्निशमन, नळयोजना हवी, आणि त्यासाठीचा नगरविकासाचा निधीही हवा. पण सुविधा मिळवण्यासाठी हक्क सोडावा लागू नये. संसदेने तो राहिलेला कायदा करावा. तो होईपर्यंत प्रत्येक पाड्यावर वर्षातून ठरावीक वेळा सभा घेऊन तिथला ठराव नगरपंचायतीच्या विषयपत्रिकेवर घेणं मोखाड्याच्या 17 सदस्यांच्या हातात आहे. त्यांनी मनावर घेतलं तर कोणताही कायदा त्यांना अडवणार नाही. एका लहानशा संस्थानाने 1918 मध्ये कोणाची सक्ती नसताना नगराचा कारभार सभेकडे दिला होता. आज प्रजासत्ताकाला पाड्याचा कारभार पाड्याकडे देणं त्याहून अवघड नाही.