वचनाचा काळ

व्याकरणाच्या तासाला ‘वचन’ हा शब्द आला की विद्यार्थ्यांना एकवचन आणि अनेकवचन आठवते. व्यवहारात मात्र वचन म्हणजे दिलेला शब्द. हे दोन अर्थ शेजारी ठेवून पाहावेत, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. माणूस वचन देतो तेव्हा ‘मी’ म्हणतो की ‘आम्ही’, ‘स्वीकारतो’ म्हणतो की ‘स्वीकारीन’, यावर त्या शब्दाचे बळ बरेचसे अवलंबून असते. विवाहाचे वचन आणि राष्ट्राची स्मृती या दोन दूरच्या वाटणाऱ्या विषयांकडे मी या वाटेने आले.

मी अहमदनगर जिल्ह्यातील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढले. आमच्याकडची लग्ने चर्चमध्ये, मराठीतून लागत. पाळकसाहेब एकेक वाक्यखंड उच्चारीत आणि आधी वर, मग वधू ते शब्द त्यांच्यामागून म्हणत. बऱ्या दिवसांत आणि वाईट दिवसांत, संपन्नतेत आणि गरिबीत, आजारात आणि आरोग्यात, मरण वेगळे करीपर्यंत एकमेकांना अंतर देणार नाही, असा त्या वचनाचा आशय असे. आमच्या शेजारच्या काकू एकदा अशा लग्नाला आल्या होत्या. परतताना त्या आईला म्हणाल्या, “अहो, लग्नाच्या दिवशी कुणी मरणाचं बोलतं का? ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणावं, तर तुमच्याकडे पाळकच मांडवाला आग लावतात!” आई हसली. काकूंचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. शुभ प्रसंगी अशुभाची यादी कशासाठी?

ही यादी बरीच जुनी आहे. १५४९ साली थॉमस क्रॅन्मर यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये जो प्रार्थनाग्रंथ सिद्ध झाला, त्यात ती आहे आणि त्याआधीच्या मध्ययुगीन विधींतही आहे. त्या काळी विधीची भाषा लॅटिन असली, तरी इंग्लंडमध्ये वधूवर वचन मात्र लोकभाषेत उच्चारीत. आपण काय बोलत आहोत हे बोलणाऱ्याला कळलेच पाहिजे, हा त्यामागील विचार.

मध्ययुगीन चर्चच्या कायद्याने तर क्रियापदाच्या काळालाही निर्णायक महत्त्व दिले होते. ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’ असे वर्तमानकाळात म्हटले, की विवाह त्याच क्षणी घडला. ‘स्वीकारीन’ असे भविष्यकाळात म्हटले, तर ते केवळ वाङ्निश्चयाचे बोलणे. बाराव्या शतकात पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या काळात ही भूमिका स्थिर झाली. धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्या उपस्थितीची सक्ती कॅथलिक चर्चने पुढे १५६३ साली, ट्रेंटच्या परिषदेत केली. तोवर दोन माणसांचे आयुष्य एका प्रत्ययावर ठरू शकत होते.

विसाव्या शतकात जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत हेच सूत्र वेगळ्या दिशेने मांडले. काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती कृती करतात. विवाहप्रसंगीचा होकार हे त्यांचे आरंभीचेच उदाहरण आहे. अशा वाक्याला खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. ते नीट घडले की नाही, एवढेच विचारता येते. बोलणारा प्रथमपुरुषात आणि वर्तमानकाळात बोलतो, आणि बोलण्यानेच काहीतरी अस्तित्वात येते.

आता राष्ट्राच्या स्मृतीकडे वळू. ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये अर्नेस्ट रेनान यांनी ‘राष्ट्र म्हणजे काय?’ या विषयावर व्याख्यान दिले. १८७०–७१ च्या युद्धात जर्मनीकडून हरलेल्या आणि अल्सास-लोरेन गमावून बसलेल्या फ्रान्समधील हे व्याख्यान. वंश, भाषा, धर्म, भूगोल यांपैकी एकावरही राष्ट्र उभे राहत नाही, असे रेनान यांनी सांगितले. भाषेचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकणे सोपे नाही. पण त्यांचे म्हणणे खोडूनही काढता येत नाही. त्यांच्या मते राष्ट्राला दोन गोष्टी लागतात : स्मृतींचा सामाईक वारसा आणि एकत्र राहण्याची आजची इच्छा. म्हणून त्यांनी राष्ट्राला रोजचे सार्वमत म्हटले.

याच व्याख्यानात ते एक विलक्षण गोष्ट सांगतात. राष्ट्र घडण्यासाठी लोकांनी पुष्कळ काही विसरलेले असावे लागते. प्रत्येक फ्रेंच नागरिक सेंट बार्थोलोम्यूचे हत्याकांड विसरून गेलेला असला पाहिजे. क्रियापदाचे रूप लक्षात घ्या. ‘विसरले पाहिजे’ असे ते म्हणत नाहीत, ‘विसरलेला असला पाहिजे’ असे म्हणतात. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने या रूपातील गंमत दाखवून दिली आहे. ते हत्याकांड म्हणजे काय, हे रेनान श्रोत्यांना समजावून सांगत नाहीत. ज्याचे नाव घेताच सभेला कळते, ते विसरले गेले आहे असे कसे म्हणावे? विसरण्यासाठीसुद्धा काय विसरायचे, हे लक्षात ठेवावे लागते.

रेनान यांनी निवडलेल्या या उदाहरणाच्या मुळाशी एक ख्रिस्ती विवाह आहे. १८ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसमध्ये नॉत्र दाम चर्चबाहेर उभारलेल्या मंचावर राजा नववा चार्ल्स याची एकोणीस वर्षांची बहीण मार्गरीत आणि नाव्हारचा राजा हेन्री यांचे लग्न लागले. वधू कॅथलिक, वर प्रोटेस्टंट. कित्येक वर्षे यादवी युद्धात पोळलेल्या देशात समेट घडावा, म्हणून जुळवलेला हा संबंध होता. वचने झाल्यावर वधू आतल्या उपासनेला गेली. वर गेला नाही. लग्नासाठी प्रोटेस्टंट सरदार मोठ्या संख्येने राजधानीत जमले होते. चार दिवसांनी त्यांचे नेते कोलिन्यी यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि २४ ऑगस्टच्या पहाटे कत्तल सुरू झाली. पॅरिसमागून इतर शहरांतही ती पसरली. हजारो माणसे मारली गेली. वचनाला अजून आठवडाही झाला नव्हता.

या लग्नाची एक कथा पुढच्या काळात सांगितली गेली. मार्गरीतने होकार उच्चारलाच नाही, तेव्हा राजाने तिच्या डोक्याला मागून हात लावून मान लववली, अशी ही कथा. ती खरी आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. आपल्या आठवणी लिहिताना मार्गरीतने लग्नाच्या पोशाखाचेही वर्णन केले आहे, पण या प्रसंगाचा उल्लेख केलेला नाही. कत्तलीनंतरच्या दिवसांतील एक संवाद मात्र तिने नोंदवला आहे. राजमाता कॅथरिनने हा विवाह मोडण्याची वाट लेकीला दाखवली. त्यासाठी मार्गरीतने पतीविषयी एक कबुली देणे पुरेसे होते. तिने ती दिली नाही. ज्या जागी मला बसवले आहे तेथेच मी राहू इच्छिते, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. आपल्याला दूर करून पतीला इजा करण्याचा हा डाव आहे, असा तिला संशय आला होता.

हे दांपत्य आदर्श नव्हते. दोघांची मने अन्यत्रही गुंतली आणि १५९९ साली चर्चने तो विवाह मुळातच अवैध ठरवला. असे असले तरी १५७२ च्या त्या दिवसांत, जे वचन तिच्याकडून कदाचित सक्तीने घेतले गेले होते ते एका तरुण स्त्रीने स्वतःच्या इच्छेने पुन्हा दिले. ‘वाईट दिवसांत’ हे शब्द तिने पाळले. वाईट दिवस तिच्या माहेरच्यांनीच आणले होते, आणि ते विसरण्याइतके जुने झालेले नव्हते. सगळे आठवत असताना ती तेथे राहिली.

हेन्री पुढे फ्रान्सचा राजा झाला आणि नंतर कॅथलिक झाला. एप्रिल १५९८ मध्ये त्याने नांतचे आज्ञापत्र काढले आणि प्रोटेस्टंटांना उपासनेचे मर्यादित स्वातंत्र्य दिले. त्या आज्ञापत्राचे पहिलेच कलम विस्मरणाचे आहे. दोन्ही बाजूंनी जे घडले त्याची स्मृती मालवली जावी, जणू ते घडलेच नाही, असा त्याचा आशय. जुन्या गोष्टी उकरून एकमेकांना डिवचू नये, असे पुढचे कलम सांगते. या आज्ञेने थकलेल्या देशाला श्वास घेता आला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु स्वतःला कायमचे आणि अपरिवर्तनीय म्हणवणारे हे आज्ञापत्र १६८५ साली, म्हणजे ८७ वर्षांनी, हेन्रीचाच नातू चौदावा लुई याने रद्द केले. असंख्य प्रोटेस्टंटांना देश सोडावा लागला.

मला येथे पुन्हा व्याकरणच दिसते. आज्ञापत्र आज्ञार्थात असते. बोलणारा एक आणि पाळणारे दुसरे असतात. जो आज्ञा देऊ शकतो, त्याचा वारस ती मागेही घेऊ शकतो. वचन मी स्वतः देते. ते माझ्या वतीने दुसऱ्याला मागे घेता येत नाही. ‘विसरा’ अशी आज्ञा जितकी दुबळी, तितकीच ‘लक्षात ठेवा’ ही आज्ञाही दुबळी असते. दोन्हींमध्ये कोणीतरी दुसराच आपल्या स्मृतीचा कर्ता झालेला असतो.

मराठीच्या विद्यार्थ्यांना या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवतील. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अशा कारणाने जोडीदार दुरावला तर धर्मांतरिताला विवाह संपुष्टात आणता यावा, असा कायदा १८६६ पासून अस्तित्वात होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, त्याही स्वतः ख्रिस्ती होण्यापूर्वी. वैदिक मंत्रांनी लागलेले ते लग्न धर्म बदलल्यावरही टिकले. लक्ष्मीबाईंनी काहीही विसरून ते टिकवले नाही. उलट, रुसवे, अपमान, उपास सारे त्यांनी लिहून ठेवले, आणि तेही हसत.

स्मृतीच उरली नाही तर काय होते, हे मी सध्या घरी पाहते आहे. माझे आईवडील आता ऐंशीच्या पुढचे आहेत. गेल्या तीन वर्षांत आईची स्मृती हळूहळू पुसत गेली. तिचे लग्न, आमचे जन्म, ती काकूंची थट्टा, यांतले आता तिच्याजवळ काही नाही. साठ वर्षे तिने वडिलांना ‘अहो’ म्हटले. आता संध्याकाळी ते तिच्यापाशी खुर्ची ओढून बसतात, तेव्हा ती परक्या पाहुण्याला विचारावे तशी अदबीने विचारते, “आपण कोण?” पहिल्यांदा हे सर्वनाम ऐकले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. वडील मात्र “अगं, विसरलीस का?” असे कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, “मी तुझ्या घरचाच आहे.” ती थोडा वेळ त्यांच्याकडे पाहते आणि म्हणते, “बरं, मग बसा.”

रेनान यांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली, सामाईक आठवणी, या घरात एकाच माणसाकडे उरली आहे. दुसरी मात्र रोज संध्याकाळी नव्याने घडते. आठवणी दोघांच्या वतीने वडील सांभाळतात. त्यांचे ओझे ते तिच्यावर टाकत नाहीत आणि त्या टाकूनही देत नाहीत. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. आजार, गरिबी आणि मरण यांची नावे आरंभीच घेतलेली असतात, म्हणून ती समोर आली की वचन मोडले असे वाटत नाही. ज्या दिवसांसाठी ते दिले होते ते दिवस आले, एवढेच होते.

राष्ट्र आणि कुटुंब एक नव्हेत, आणि ही तुलना फार ताणू नये. राष्ट्रात मारणारे आणि मारले गेलेले यांची मुले शेजारी राहतात. त्यांच्यातील अन्यायाचा निवाडा प्रेमाने होत नाही, न्यायाने व्हावा लागतो. तरीही एक साम्य मला महत्त्वाचे वाटते. आपल्या राज्यघटनेची उद्देशिका पुन्हा एकदा व्याकरणाच्या दृष्टीने वाचून पाहा. कर्ता ‘आम्ही’, अर्थात प्रथमपुरुषी अनेकवचन. शेवटचे क्रियापद वर्तमानकाळी : ‘अर्पण करत आहोत’. शिवाय ‘याद्वारे’ हा शब्द. बोलण्यानेच कृती घडत असल्याची ऑस्टिन यांनी सांगितलेली ही ठळक खूण आहे. तारीख २६ नोव्हेंबर १९४९. फाळणीच्या कत्तलींना तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. संविधानसभेत बसलेल्या कित्येकांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले होते. आपण काही विसरलो आहोत, असे त्या वाक्यात कोठेही म्हटलेले नाही. सर्व आठवत असताना, जखमा ओल्या असताना, ते वचन दिले गेले.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी आणि संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहेत. दिलेला शब्द रोज पाळणे म्हणजे काय, हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागणार नाही. इतिहास वाचताना एवढेच पाहावे, की आपल्या पूर्वजांच्या वाईट दिवसांची यादी कोणी आपल्याला विसरायला सांगत आहे का, किंवा कोणी ती सूडासाठी पाठ करून घेत आहे का. दोन्ही वेळी वाक्यातील कर्ता तपासावा. वर्तमानकाळात आणि अनेकवचनात बोलण्याचे काम आपले आहे, आणि ते एकदाच करून संपत नाही.