माणूस एका डोमेनचा, मेल दुसऱ्या डोमेनची

परभणी जिल्ह्यातले जुने खातेदार अजूनही 'हैदराबाद बँक' असंच म्हणतात. निजामाच्या राज्यात 1941च्या कायद्याने स्थापन झालेली ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. अशा विलीनीकरणात दारावरची पाटी एका रात्रीत बदलते. कर्मचाऱ्यांचे लॉगिन, पासवर्ड आणि ईमेल यांना मात्र बराच वेळ लागतो. बँक असो, साखर कारखाना असो की शिक्षण संस्था, मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या ॲडमिनसमोर प्रश्न तोच येतो: माणसं एका डोमेनमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या खात्यांच्या आणि संगणकांच्या गटात, आणि मेल सर्व्हर दुसऱ्या डोमेनमध्ये. मग मेल उघडून द्यायची कशी?

सगळ्यात सोपी वाट म्हणजे मेलच्या डोमेनमध्ये प्रत्येकाचं नवीन खातं काढणं. अनुभवी ॲडमिन ही वाट टाळतो. दोन खाती म्हणजे दोन पासवर्ड, आणि दोन्हींची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपणार. थोड्याच दिवसांत कीबोर्डखाली चिठ्ठ्या दिसू लागतात. त्याहून वाईट म्हणजे, कुणी निवृत्त झालं की एक खातं बंद होतं आणि दुसरं कुणाच्या लक्षातही न येता चालू राहतं. म्हणून अशा ॲडमिनचा आग्रह एकच: माणसाची ओळख एकाच जागी ठेवायची, मेलबॉक्स कुठेही असो.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनमधल्या खात्यांच्या नोंदवहीत, यासाठी ट्रस्ट असतो. गंगाखेडच्या तहसीलने दिलेला दाखला नांदेडचं कॉलेज मान्य करतं. ते स्वतः दाखला काढत नाही आणि त्या बदल्यात तहसीलने कॉलेजचं काही मानावं असंही नसतं. इथेही तसंच. मेलचं डोमेन माणसांच्या डोमेनवर भरवसा ठेवतं आणि एवढा एकतर्फी ट्रस्ट पुरतो. घाईत दुतर्फी ट्रस्ट जोडला, तर ज्याची गरज नव्हती तो रस्ताही उघडा पडतो.

पुढचं काम लिंक्ड मेलबॉक्सचं. मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्स्चेंज मेलच्या बाजूला वापरकर्त्याच्या नावाचं एक खातं तयार करतो, पण ते बंद अवस्थेत. त्यावर कुणालाच लॉगिन करता येत नाही. त्या खात्यावर पलीकडच्या खऱ्या खात्याचा सुरक्षा क्रमांक, म्हणजे एसआयडी, नोंदवलेला असतो. कर्मचारी सकाळी नेहमीच्या पासवर्डने संगणक उघडतो आणि आउटलुकमध्ये त्याची मेल येते. तो निवृत्त झाला की मूळ खातं बंद करायचं; मेलबॉक्समध्ये शिरायचा त्याचा रस्ताही तिथेच बंद होतो.

या सगळ्याआधी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था. दोन्ही डोमेनना एकमेकांची नावं सापडली नाहीत, तर ट्रस्ट जुळतच नाही. म्हणून पलीकडच्या नावांची चौकशी पलीकडच्याच डीएनएसकडे पाठवणारे कंडिशनल फॉरवर्डर दोन्हीकडे आधी लावायचे.

तालुक्याच्या शाखेत अडचणी वेगळ्याच निघतात. वीज जाते, जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ मागे पडतं. डोमेनमध्ये तिकीट देऊन ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीला मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. त्यापुढे तिकीट नाकारलं जातं. पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही आणि माणूस हैराण होतो. त्यामुळे तक्रार आली की हा ॲडमिन आधी घड्याळ बघायला सांगतो. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, तर मेल सर्व्हर धडधाकट असूनही 'हा माणूस कोण' हे विचारायला पलीकडचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे खाती तपासणारा सर्व्हर, सापडत नाही. म्हणून माणसांच्या डोमेनचा एक जादा कंट्रोलर तो मेल सर्व्हरच्या शेजारीच ठेवतो.

आउटलुकचंही एक दुखणं आहे. डोमेनमधला संगणक मेल सर्व्हरचा पत्ता आधी आपल्याच डिरेक्टरीत शोधतो. तिथे तो नसतो, म्हणून हा पत्ता सांगणारी ऑटोडिस्कव्हरची नोंद माणसांच्या डोमेनच्या डिरेक्टरीत पोहोचवावी लागते किंवा डीएनएसमध्ये द्यावी लागते. जुना ईमेल पत्ताही नव्या मेलबॉक्सला जोडून ठेवायचा, कारण खातेदार वर्षानुवर्षं त्यावरच लिहीत आलेले असतात.

1 मे 2025 रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या. अशी कामं येतच राहणार. सर्व्हरला हात लावण्याआधी ॲडमिनने आस्थापना विभागाकडून एक यादी मागून घ्यावी: आज कामावर कोण आहे, कोणत्या शाखेत आहे आणि त्याचं मूळ खातं कोणतं.