नाव घेऊन अडणं

संगणकावर पोट असलेल्या माणसाच्या वाट्याला एक ओळ उमेदवारीच्या दिवसांतच येते आणि निवृत्तीपर्यंत साथ सोडत नाही: अमुक प्रोग्रॅम सापडला नाही. यंत्रं बदलतात, भाषा बदलतात, ही ओळ नवे शब्द लेवून पुन्हा समोर येते. सर्वांत जास्त चिडवते ती आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, म्हणजे आज बहुतेक ठिकाणी गिटमध्ये. गिटवर आपली भिस्त असते ती जपणुकीची. कोणता बदल कोणी केला, कधी केला, कशासाठी केला, हे सगळं त्याच्यापाशी नीट नोंदलेलं असतं. आणि दूरच्या संगणकावरची प्रत आणायला सांगितली की ते म्हणतं, ‘एचटीटीपीएस’साठीचा हेल्पर सापडत नाही. सगळं आहे, तरी काम होत नाही. माणूस चिडतो ते समजण्यासारखं आहे, पण ही ओळ शिव्या खाण्याच्या लायकीची नाही असं मला वाटतं. जपून ठेवलेला ऐवज कधीच एकट्याच्या बळावर उभा नसतो. तो वाहून नेणारा, उलगडणारा किंवा त्याची साक्ष देणारा कुणीतरी मदतनीस त्याला लागतोच. आणि तो मदतनीस नसताना त्याचं नाव घेऊन अडून बसणारं साधन हे निमूट पुढे जाणाऱ्या साधनापेक्षा त्या ऐवजाचं जास्त भलं करतं. याचे पुरावे गिटच्या घडणीत आहेत, तसेच नगर जिल्ह्यात प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठालाही आहेत.

आधी गिटची घडण. लिनक्सच्या गाभ्याचं काम ज्या बिटकीपर नावाच्या साधनावर चालत होतं, त्याची फुकट वापराची परवानगी २००५ साली गेली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. ते एक अखंड यंत्र म्हणून जन्मलंच नाही. युनिक्सच्या जुन्या वळणाप्रमाणे लहान लहान प्रोग्रॅमांचा तो एक मेळा होता. एक नोंद करणार, दुसरा फरक दाखवणार, तिसरा पाठवणार. असे शंभराहून जास्त प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या नजरेसमोर उघड्यावर असत. २००८च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १.६.० या आवृत्तीत त्यांना एका आतल्या कप्प्यात हलवलं गेलं, आणि ज्यांनी आपल्या जुन्या स्क्रिप्टांत या प्रोग्रॅमांची जोडरेघेची नावं थेट लिहिली होती त्यांच्या स्क्रिप्टा बंद पडल्या. पुढे यातले बरेच प्रोग्रॅम मुख्य गिटमध्येच सामावले गेले. तरी काही कामं बाहेर राहिलीच. एचटीटीपीएसवरून प्रत आणायची तर पत्त्याच्या पहिल्या शब्दावरून गिट ‘गिट-रिमोट-एचटीटीपीएस’ या मदतनिसाला हाक मारतं, आणि तो स्वतः ‘लिबकर्ल’ या दुसऱ्याच सॉफ्टवेअर-लायब्ररीवर विसंबून असतो. एसएसएचवरून आणायची तर एसएसएचचा स्वतंत्र प्रोग्रॅम हवा. सही करायची तर जीपीजी, पासवर्ड लक्षात ठेवायचा तर क्रेडेन्शियल हेल्पर. ही नावं वापरणाऱ्याने कधी टाइप केलेली नसतात. म्हणून ‘रिमोट-एचटीटीपीएस ही गिटची आज्ञा नाही’ असं उत्तर आलं की तो गोंधळतो. ही आज्ञा दिली कोणी? दिली होती गिटनेच, त्याच्या वतीने.

‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा क्वचितच असतो. मदतनीस शोधायचा कुठे, याची यादी युनिक्सच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून ‘पाथ’ नावाच्या एका चलात लिहिलेली असते. यंत्र त्या यादीतले कप्पे क्रमाने उघडून बघतं आणि यादी संपली की थांबतं. अख्खी डिस्क धुंडाळत बसत नाही, आणि बसूही नये. नाहीतर कुणीही कुठेही त्या नावाचा भलता प्रोग्रॅम आणून ठेवावा. गंमत अशी की एकाच संगणकावर ही यादी एकच नसते. टर्मिनलमधून सुरू झालेल्या प्रोग्रॅमला एक यादी मिळते, चित्रावर टिचकी मारून उघडलेल्याला दुसरी. रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉनच्या कामाला बहुधा दोनच कप्पे ठाऊक असतात. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने गेलेली आज्ञा लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइली वाचतच नाही, त्यामुळे तिथे गिट नेहमीच्या कप्प्यांबाहेर बसवलेलं असेल तर ते असूनही ‘गिट-अपलोड-पॅक’ सापडत नाही. याहून फसवा प्रकार म्हणजे फाइल डोळ्यांसमोर असताना ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं तो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणी चालवायची त्याचं नाव असतं. फाइल विंडोजवर सेव्ह झाली असेल तर त्या नावाला ओळ संपल्याचं एक न दिसणारं चिन्ह चिकटतं, आणि त्या चिन्हासकटच्या नावाचा प्रोग्रॅम जगात कुठेच नसतो. हरवलेला असतो तो मदतनिसाचा मदतनीस; नाव मात्र घेतलं जातं स्क्रिप्टचं. इथे यंत्र चुकीचं नाव घेतं हे मान्य करायला हवं, आणि तेवढ्यापुरता चिडणाऱ्याचा चिडण्याचा हक्कही.

आता प्रवरेकाठचं नेवासे. ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली आणि प्रचलित प्रतींच्या अखेरीस शके १२१२ हे वर्ष, गोदावरीचा दक्षिण काठ आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, यांची नोंद आहे. सांगणारा एक, टिपणारा दुसरा, आणि टिपणाऱ्याचं नाव ग्रंथाच्याच अंगात. आवृत्त्यांच्या भाषेत बोलायचं तर कर्ता, लेखनिक, स्थळ आणि काळ या चारही गोष्टी ऐवजाबरोबर बांधलेल्या. पुढे तीनशे वर्षांच्या आसपास नकलांमागून नकला होत पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ती शुद्ध केली. त्यांनीही साल नोंदलं, काय केलं ते नोंदलं, आणि पुढच्यांनी तीत आपल्या ओव्या मिसळू नयेत असं बजावलं. नोंद नाही ती एकाच गोष्टीची: कोणत्या ओवीत आधी काय होतं. जुना पाठ आणि नवा पाठ शेजारी ठेवणारी यादी मागे राहिली नाही. त्यामुळे १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा तिच्या जुनेपणाबद्दल वाद झाला आणि शुद्ध पाठ कोणता हा प्रश्न विद्वानांना पुरून उरला. एकनाथांना यात दोष देण्यासारखं काही नाही; सोळाव्या शतकात कागदावर एवढं केलं हेच मोठं. मुद्दा इतकाच की जिथे नोंद आहे तिथे आपल्याला आज रस्ता आहे, आणि जिथे नाही तिथे चारशे वर्षांनंतरही अंदाज.

मदतनीस हरवण्याच्या पायऱ्याही याच परिसरात पाहायला मिळतात. प्रवरेकाठच्या दायमाबादचं नाव १९७४ साली मिळालेल्या रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस या कांस्यशिल्पांमुळे गाजलं. पण तिथल्या उत्तर-हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हंही मिळाली आहेत. ती चिन्हं वाचणारा आज कुणीच नाही. इथे ‘सापडलं नाही’ याचा अर्थ खरोखरच ‘नाही’ असा आहे. महानुभावांचं उदाहरण वेगळं. चक्रधरांचा वावर नेवाशात आणि गोदाकाठच्या डोमेग्रामात होता. त्यांच्या पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. पोथ्या मठांत शाबूत, वाचणारेही मठांत हयात, पण बाहेरच्या वाचकाच्या यादीत त्यांचा पत्ताच नाही. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती किल्ली बाहेर आणली आणि मराठी गद्याचा आरंभ आपल्याला नव्याने लिहावा लागला. मोडीचं दुखणं आणखी जवळचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली लिपी दोन पिढ्यांत अनोळखी झाली. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, आणि महसुली दप्तरांतही आहे. २०२३ साली कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कागद रुमालांत बांधलेले होते, अक्षर शाबूत होतं, वाचणारेही थोडे का होईना होते. कोणत्या गावात कोण मोडी वाचतो, याची यादी मात्र गरज पडेपर्यंत फारशी कुणी केली नव्हती.

या सगळ्या प्रकारांत निदान एक सोय आहे. मोडीचा कागद हातात घेणाऱ्याला लगेच कळतं की हे आपल्याला वाचता येत नाही. तो अडतो आणि मदत शोधतो. खरा धोका न अडण्यात आहे. मराठी छपाईच्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत हजारो मराठी पुस्तकं, अंक, पत्रिका जुळवल्या गेल्या. त्या फाइली आज उघडल्या आणि तो फाँट नसला, तर संगणक काही बोलत नाही. मुकाट्याने दुसरा फाँट लावतो आणि रोमन अक्षरांचा चिवडा समोर ठेवतो. नवख्या माणसाला वाटतं फाइल खराब झाली, आणि तो ती पुसून टाकतो. फाइल धडधाकट होती. कोणता फाँट हवा एवढंच ठसठशीतपणे सांगितलं गेलं नव्हतं. गिटलाही ही खोड अजिबात नाही असं नाही. मोठ्या फाइलींसाठीचा गिट-एलएफएस हा मदतनीस नसलेल्या संगणकावर अशा साठ्याची प्रत घेतली, तर गिट तक्रार न करता प्रत घेतं. चित्राच्या जागी मग तीन ओळींचा मजकूर मिळतो: आवृत्ती, एक लांबलचक ठसा आणि आकार. चित्र दिसत नाही एवढंच कळतं, का ते कळत नाही. गिट-एलएफएस ज्या गाळणीतून (फिल्टरमधून) काम करतं तिला ‘सक्तीची’ अशी खूण सेटिंगमध्ये असेल तरच गिट अडतं. याउलट सहीचं बघा. प्रत्येक नोंदीवर सही हवी असं ठरवलेलं असेल आणि जीपीजी सापडलं नाही, तर गिट ती नोंदच करत नाही. घाईत असलेल्याला हे छळवादी वाटतं, पण बिनसहीची नोंद सहीच्या रांगेत गुपचूप जाऊन बसली तर पुढे त्या रांगेवर विश्वास ठेवायचा कोणी?

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप असा की मग सगळे मदतनीस एकाच पेटीत घालून का देत नाही? प्रश्नच मिटला. विंडोजसाठीच्या गिटने बऱ्याच अंशी हेच केलं आहे. बॅश, कर्ल, एसएसएच सगळं बरोबर येतं, आणि नवशिक्याची सोय होते हे खरं. पण मग विंडोजचं स्वतःचं एक एसएसएच आणि गिटचं दुसरं, असे एकाच नावाचे दोन मदतनीस घरात राहतात. चावी एकाच्या एजंटमध्ये घातलेली, गिट हाक मारतं दुसऱ्याला, आणि उत्तर येतं ‘परवानगी नाकारली’. हे ‘सापडलं नाही’पेक्षा वाईट, कारण आता मदतनीस सापडलेला आहे, फक्त भलताच. उपाय तोच करावा लागतो: कोणतं एसएसएच वापरायचं त्याचा पुरा पत्ता सेटिंगमध्ये लिहायचा. शिवाय पेटीत बंद केलेली एसएसएच किंवा कर्लची प्रत जुनी झाली, तिच्यात सुरक्षेची खोट निघाली, तर बदलायची कोणी? सामायिक मदतनीस एकदा दुरुस्त केला की सगळ्यांसाठी दुरुस्त होतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. लोणी, संगमनेर, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्यांदा गिट हाताळणाऱ्या मुलाने ‘पाथ’चं पुराण का वाचावं? त्याला प्रकल्प सादर करायचा आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि म्हणूनच हे ओझं त्याच्यावर नाही, तर त्याच्या आधी तो साठा तयार करणाऱ्यावर आहे. ‘रीडमी’ म्हणजे वाचा-मला फाइलीत चार ओळी पुरतात: गिट-एलएफएस लागेल, ते कुठून बसवायचं, सहीसाठी काय लागेल, बसवल्यावर जुनी खिडकी बंद करून नवी उघडायची. शेवटची सूचना मामुली वाटते, पण चालू खिडकीला सुरू होताना मिळालेली जुनीच यादी ठाऊक असते. ‘बसवलं तरी सापडत नाही’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच निघतं.

नावं बदलली की ही जबाबदारी वाढते. २०२२ साली गिटच्या क्रेडेन्शियल मॅनेजरच्या नावातलं ‘कोअर’ हे शेपूट गळलं, आणि पुढे ज्यांच्या सेटिंगमध्ये जुनं नाव होतं त्यांना मदतनीस सापडेनासा झाला. प्रोग्रॅम तोच, काम तेच. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नामांतराच्या बाजूने आणि विरुद्ध जे बोललं गेलं ते इथे बाजूला ठेवू. दप्तराच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे. १८८४ साली निघालेला मुंबई गॅझेटियरचा सतरावा खंड, निजामशाहीवरचे ग्रंथ, ब्रिटिश अमदानीतले नकाशे आणि सात-बाराच्या जुन्या नोंदी यांच्याकडे जाणारी वाट जुन्या नावावरूनच जाते. संगणकाच्या शोधपेटीत नवं नाव टाकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘शून्य नोंदी’ असं उत्तर मिळालं तर त्याला ते खरं वाटेल, कारण त्या उत्तरात कोणत्याही हरवलेल्या नावाचा उल्लेख नसेल. ग्रंथालयांच्या आणि अभिलेखागारांच्या सूचींत ‘अहिल्यानगर: अहमदनगर हेही पाहा’ अशी एक ओळ घालायला फार तर एक दुपार जाईल, आणि ती ओळ जुनं नाव पाठ असलेले लोक नोकरीत आहेत तोवरच सहज घालता येईल.