पूररेषेच्या वर

आमच्या घराची पूररेषा सध्या जमिनीपासून तीन फुटांवर आहे. तिच्याखालचं सगळं आम्ही हलवलं आहे. शोकेसचे खालचे कप्पे रिकामे, देव्हारा चौरंगावरून भिंतीवर, फिनेल माळ्यावर आणि ह्यांची रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी फ्रिजच्या डोक्यावर. तिथे ती ह्यांनाही सापडत नाही, तो भाग वेगळा. ही रेषा सव्वा वर्षाच्या धाकट्याच्या हाताची. अडीच वर्षांच्या मोठीचा हात साडेतीन फुटांपर्यंत जातो, पण ती बाथरूममधलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढत आणू लागली की सगळे हिशेब वाहून जातात. अडीच वर्षांच्या माणसाला मोठी म्हणणं हा तसा अन्यायच. पण धाकटा आला आणि एका रात्रीत तिला बढती मिळाली. पगारवाढ काही झाली नाही, उलट हक्काची मांडी गेली.

डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. मुलगा आणि सून सकाळी फास्ट लोकल पकडतात ते दिवेलागण होऊन गेल्यावर परत येतात. मधल्या वेळात घरात दोन म्हातारी आणि दोन पोरं. शेजारच्या काकू संध्याकाळी विचारतात, "आज काय केलंत दिवसभर?" आणि मला खरोखर काही सांगता येत नाही. कुकर झालेला असतो, कपडे वाळत घातलेले असतात आणि कंबर गेलेली असते. एवढंच.

सून रात्री दोघं झोपली की मोबाइलवर मुलांबद्दलचे अभ्यास वाचते आणि सकाळी डबे भरता भरता मला सांगते. तिच्याकडून कळलं की न्यूयॉर्कच्या कॅरन अ‍ॅडॉल्फ या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांची पावलं मोजली. २०१२ साली ते छापून आलं. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं आपापली खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. ह्यांनी हे ऐकलं आणि लगेच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मुलाने वाढदिवसाला दिलेलं ते घड्याळ रोज दहा हजार पावलांसाठी हट्ट धरून बसतं. हा दहा हजारांचा आकडासुद्धा कुणा डॉक्टरने तपासून ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता. ह्यांना तो गाठायला सकाळी अख्खा फडके रोड पालथा घालून गणपतीपर्यंत जावं लागतं. धाकटा त्याच वेगाने राहिला, तर सव्वाचार तासांत गाठेल, तेही उंबरा न ओलांडता आणि वाटेत बहात्तर वेळा आपटून. आपटल्यावर रडायचं की नाही, हे तो आमच्या तोंडाकडे बघून ठरवतो. म्हणून आम्ही दोघांनी निर्विकार चेहऱ्याचा सराव केला आहे. ह्यांना फारसा करावा लागला नाही. लग्न झाल्यापासून मी तो चेहरा बघते आहे.

लोक याला मस्ती म्हणतात. मला आता तसं म्हणवत नाही. घरात सगळ्यांत जास्त काम ही दोघंच करतात. डब्याचं झाकण काढायचं, लावायचं, परत काढायचं. ह्यांची एक चप्पल स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची आणि मग दुसरी न्यायला विसरायचं. गादीखाली चमचे जमवायचे. चहाची सुट्टी नाही, रविवार नाही. ऑफिसात असा माणूस असता, तर साहेब खूश झाले असते आणि सहकाऱ्यांनी त्याची बदली करवली असती.

त्यातून मदत करायची हौस. थंडीत मटार आला की मी ताट घेऊन खाली बसते. मोठी समोर मांडी घालते. "मी पण कलणाल." शेंगा ती अगदी मन लावून सोलते. दाणे तोंडात, सालं पातेल्यात. मी सालं उचलली की ती माझ्याकडे असं बघते, जणू तिच्या कामात मीच खोडा घातला. पोळ्या करायला बसले की तिला कणकेचा गोळा लागतो. तो लाटून, मळून, जमिनीवरून फिरवून त्याचा रंग राखाडी होतो, आणि तव्यावरून उतरलेली ती पोळी ह्यांच्या पानात पडते. ती समोर उभी राहून विचारते, "छान?" हे म्हणतात, "छान." माझ्या पोळीला इतक्या तत्परतेने दाद मिळाल्याचं मला आठवत नाही.

सुनेचं यावरही वाचन तयार होतं. २००६ साली वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी अठरा महिन्यांच्या मुलांपुढे एक गंमत केली. हातात मासिकांचा गठ्ठा घेतलेला माणूस बंद कपाटावर येऊन धडकतो. कुणी काही सांगितलं नाही, खाऊ कबूल केला नाही, तरी पुष्कळ मुलं उठून गेली आणि त्यांनी कपाटाचं दार उघडून दिलं. मी म्हटलं, आमच्याकडे हात रिकामे असले तरी उघडून देतात. मसाल्याच्या ट्रॉलीचं.

धाकट्याचा उद्योग वेगळा. माझी लहानपणची पितळी भातुकली आहे, तिच्यात काडेपेटीएवढा एक लाकडी पाट आहे. धाकटा त्याच्यावर बसायला जातो. पाट बुडाखाली दिसेनासा होतो, मग तो उठतो, शोधतो, सापडल्यावर पुन्हा बसतो. मला वाटलं, गंमत करतोय. चेहरा पाहिला तर गंमत मुळीच नव्हती, पंगतीला बसणाऱ्या माणसाचं गांभीर्य होतं. भातुकलीतल्या तपेल्यात त्याने पायाचा अंगठा घातला, तो खोबरेल तेल लावून काढावा लागला. २००४ साली ज्युडी डिलोच आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये अशाच मुलांबद्दल लिहिलं आहे. दीड ते अडीच वर्षांची मुलं बाहुलीच्या खुर्चीवर बसायला जातात, खेळण्यातल्या मोटारीत पाय घालून शिरायला बघतात. वस्तू कसली आहे, हे त्यांना बरोबर कळलेलं असतं, फक्त तिचं माप त्या क्षणी हिशेबात येत नाही. आमचा धाकटा तीन महिने आधीच रुजू झाला म्हणायचा.

संक्रांतीनंतर आम्ही दोघांचं बोरन्हाण एकदमच उरकलं. काळं झबलं, काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने. मोठीने मुकुट घालायला ठाम नकार दिला आणि धाकट्याने हार घातल्या घातल्या खायला सुरुवात केली. ओवाळून होईपर्यंत हाराचा दोरा उरला होता. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, गोळ्या ओतल्या, आणि इमारतीतली पोरं तुटून पडली. बोराची बी आणि गोळी, दोन्ही धाकट्याच्या घशाच्या मापाची. त्यामुळे आम्ही चार मोठी माणसं गुडघ्यांवर येऊन त्याच्याच आधी बोरं वेचत होतो. आलेल्या बायकांना वाटलं, आम्हालाच फार हौस. ज्याच्यासाठी हा सगळा घाट, तो मात्र मधोमध बसून एकच चुरमुरा चिमटीत धरून उजेडात बघत होता. तो समारंभ होळीपर्यंत चालला, कारण तोवर सोफा सरकवला की चुरमुरे निघत होते.

मोठीला केळं अखंड लागतं. सोलताना मोडलं की जगबुडी.

"जोड."

"अगं राणी, केळं जोडता येत नाही."

"जोओड!"

ह्यांनी दोन तुकडे एकाला एक लावून सांधा मुठीत झाकला आणि तिच्यापुढे धरला. तिने ह्यांचं एकेक बोट उचकटून पाहिलं आणि मग जो सूर लावला, तो खालच्या दुकानापर्यंत गेला. दुसरं केळं देऊन भागत नाही. दुसरं केळं म्हणजे ते केळं नव्हे. दिवसभर घर उधळणारी ही पोरगी भात नेहमीच्या निळ्या वाटीत नाही म्हणून जेवत नाही, आणि आईची ओढणी आजीने घेतली तर अस्वस्थ होते. माँटेसरीबाईंनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. ज्याची त्याची जागा आणि रोजचा क्रम यांची या वयाला विलक्षण ओढ असते, असं त्या लिहीत. पसारा तो आपला. मुलांच्या लेखी तिथे प्रत्येक चमच्याची नेमणूक झालेली असते.

माँटेसरीबाई १९३९ साली मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. पण त्यांचे विचार आपल्याकडे आधीच पोचले होते, ते गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामुळे. ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या, आणि शहरातली महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे असल्या वस्तूंवर बालवाडी चालवली. पुढे १९५७ मध्ये त्या आदिवासी पाड्यांच्या मुलखात, कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात होती. शाळेच्या वयाची मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना घरी धाकटी भावंडं सांभाळायची होती. मग भावंडांनाच बोलावलं. मला या गोष्टीत ताराबाईंची हुशारी तर दिसतेच, पण त्याहून ठळक दिसते ती कडेवर पोर घेऊन चढण चढणारी सातआठ वर्षांची मुलगी.

कारण ती मी आहे. कोसबाडची नव्हे, वाईची. वाड्यात आम्ही पुष्कळ पोरं होतो आणि आठव्या वर्षापासून धाकटा भाऊ माझ्या डाव्या कडेवर होता. लगोरी मी त्याला घेऊन खेळले. चेंडू अंगावर आला तर तो त्याला लागायचा, म्हणून मला कोणी मारायचं नाही आणि मी जिंकायचे. माझा डावा खांदा उतरता आहे, असं ब्लाउज शिवणारे शिंपी अजून सांगतात. आता सोसायटीच्या बाकावर बसून माझ्याच वयाचे लोक म्हणतात, आमच्या वेळी मुलं आपोआप वाढायची, आताच्या आयांना एक पोर झेपत नाही. हे म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांतले कित्येक कुणा ना कुणा बहिणीच्या कडेवर वाढलेले आहेत. आपोआप काही वाढत नव्हतं. त्यांना आपटू न देणारं, त्यांच्या तोंडातून माती काढणारं, त्यांच्यामागे चूळ भरायचं भांडं घेऊन फिरणारं कोणीतरी फ्रॉकमधलं माणूस तिथे होतं आणि त्याचा फोटो कोणी काढला नाही. सून दमून आल्यावर "आई, तुम्ही कसं केलंत हो सगळं?" असं विचारते, तेव्हा मी तिला खरं ते सांगते, की बरंचसं माझ्या नणंदेने केलं.

वाड्यात एक सोय मात्र होती. दारं दिवसभर सताड उघडी असत. फ्लॅटला कड्या असतात.

परवा मोठी बाथरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावली. लावता आली, काढता येईना. आतून आधी हसू ऐकू आलं, मग नळ सुरू झाला, मग नुसतंच पाणी. हे स्क्रू ड्रायव्हर शोधू लागले. तो पूररेषेच्या वर ठेवलेला होता, पण नेमका कुठे ते कोणालाच आठवेना. वॉचमनकाका वर आले, समोरच्या वहिनी आल्या, त्यांनी सुताराला फोन लावला. तोवर दाराबाहेर पाचसहा माणसं एकाच वेळी सूचना देत होती. "बाळा, ती कडी वर कर." "वर नाही हो, डावीकडे." "घाबरू नकोस हं." आतली व्यक्ती मुळीच घाबरलेली नव्हती. तिचं काम चालू होतं, टबात मग बुडवून बादलीत ओतण्याचं. धाकटा दाराखालच्या फटीत बोटं घालून बसला होता आणि आतून मोठी त्या बोटांवर पाणी सोडत होती. त्या दोघांचं छान चाललं होतं.

शेवटी ह्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि दाराला तोंड लावून शांतपणे म्हणाले, "राणी, बाहेर येऊ नकोस हं. आतच थांब. कडी अजिबात काढू नकोस."

"काढणाल!"

खडखड झाली आणि दार उघडलं. भिजून चिंब झालेली नात बाहेर आली आणि जमलेली गर्दी पाहून तिने विचारलं, "केक कुठंय?"

सुतार आला, तो आलाच आहे तर म्हणून आम्ही बाथरूमची खालची कडी काढून टाकली. वरची लावायचं ठरलंय, पण तो वरच्या कडीचं सामान आणायला गेला तो अजून आलेला नाही. त्यामुळे सध्या घरात जो अंघोळीला जातो, त्याने आतून सतत आवाज देत राहायचं, असा नियम आहे. मी स्तोत्रं म्हणते. मुलगा जुनी गाणी. ह्यांना सुरात काहीच येत नाही, म्हणून ते पाढे म्हणतात. सध्या एकोणतीसचा चालू आहे. मोठी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी राहते आणि प्रत्येक ओळीनंतर मोठ्याने सांगते, "चूक." अधूनमधून ते खरंच चुकलेले असतात.