लगीनसराई ते संक्रांत

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार
लातूरहून रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर ८.२. साडेसहापासून पुढं मधुमेह धरतात. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, खाणंपिणं तुमच्या हातात.
वडिलांना होती का, असं विचारलं. होती म्हणालो. पुढचं बोललो नाही.
तुळशीची लग्नं उरकली. काउंटरवर पत्रिकांचा गठ्ठा पडलाय.

रात्री हिला सांगितलं. ती काही बोलली नाही. कुकर लावला होता, तो उतरवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

२० नोव्हेंबर
विधानसभेचं मतदान. दुकान बंद. केंद्रावरून घरी येईपर्यंत रस्त्यात जो भेटला त्यानं चहाला ओढलं.

२२ नोव्हेंबर
टपरीवर उभं राहून बघितलं. अर्ध्या कपाला दीड चमचा साखर पडते. चमचा पाच ग्रॅमचा धरू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर बरं. माझा तेवढा वाटा दुकान उघडून झाडलोट होईस्तोवर संपतो.
शेतकरी आला की चहा. औषध कंपनीचा माणूस आला की चहा. उधारी मागायची तर आधी चहा, मग विषय. कृषी सेवा केंद्र चहावर चालतं. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्या बराच खाली. अशा वेळी समोरच्यानं पुढं केलेला कप कसा सारायचा?

२५ नोव्हेंबर
टपरीवरच्या पोराला सांगून ठेवलं. माझा बिगरसाखरेचा, वेगळ्या पेल्यात. पोरगं हसलं नाही. म्हणालं, "काका, आमच्या बापालाबी तसाच देतो."

१ डिसेंबर, रविवार
शिरूर ताजबंदला लग्न. गिऱ्हाईकाच्या पोराचं. मुहूर्त बारा पस्तीसचा, अक्षता पडल्या दीडला, पंगत बसली अडीचला. मांडवात पाय टाकताच थंड बाटली हातात. तहान लागली होती, पाणी मात्र कुठं दिसेना. उपाशीपोटी माणूस पंगतीत बसला की पानात पडेल ते खातो.
हात आडवा धरला. वाढपी हातावरून बुंदी टाकून पुढं गेला. नवरदेवाची आई स्वतः जिलेबी घेऊन आली. "आमच्या घरचं गोड चालत नाही का ओ तुम्हाला?" साखर आहे म्हणालो. "एका जिलेबीनं काय होतंय!"
त्या माउलीच्या डोळ्यांत खरंच दुखल्यासारखं दिसलं. जिलेबी घेतली.

२ डिसेंबर
सकाळी मशीनवर १८९. उपाशीपोटी.

४ डिसेंबर
चाकूरला लग्न. निघण्याआधी अर्धी भाकरी, मेथीची भाजी, मूठभर फुटाणे खाऊन निघालो. द्रोणात पहिल्यांदा मठ्ठा घेतला. द्रोण भरलेला दिसला की गोड वाढणारा पुढं सरकतो. जमलं.
शेजारी बसलेले गुरुजी हळूच म्हणाले, "तुम्हालाबी?" मान हलवली. त्यांनी आपला द्रोण मठ्ठ्याकडं सरकवला.

७ डिसेंबर, शनिवार
चंपाषष्ठी. खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवेद. चातुर्मासात सोडलेली वांगी आजपासून घरात. निखाऱ्यावर भाजून, कांद्याची पात, शेंगदाण्याचं कूट, वरून कच्चं तेल. पोटभर जेवलो. दोन तासांनी १५८. देवाच्या निवेदातच गोड नव्हतं.

११ डिसेंबर
लातूर. डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडली. ही घेऊन उपाशी राहायचं नाही, साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणजे लग्नात अडीचपर्यंत पंगतीची वाट बघणं आता नुसतं त्रासाचं नाही, धोक्याचं आहे. खिशात फुटाणे ठेवायचे.
आहारतज्ज्ञ बाई तरुण आहेत, बोलणं रोखठोक. मी म्हणालो, आमची तर ज्वारीच. त्या म्हणाल्या, "ज्वारी चांगलीच आहे काका, पण किती? तीन भाकरी चुरून खाल्ल्या तर ज्वारीचीही साखरच होणार." आधी भाजी, उसळ, वरण. भाकरी मागून. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करायचे.
गुळाचं विचारलं. रक्ताला गूळ काय, साखर काय, सारखंच. हे आमच्या गावात कोण ऐकणार! "गूळ चालतो की" हे वाक्य प्रत्येक मांडवात कानावर पडतंय.
२०२३ मध्ये देशातल्या पाहणीचे आकडे आले होते. दहा कोटींवर मधुमेही, आणि साडेतेरा कोटी काठावर उभे. भिंतीवरच्या तक्त्यावर वाचलं. बाहेरच्या बाकावर निम्मे चेहरे आपल्याच तालुक्यातले.

१५ डिसेंबर, रविवार
नागपूरला शपथविधी. आमचे आमदार बाबासाहेब पाटील मंत्री झाले. अहमदपूरला मंत्रिपद. दुकानात पेढ्यांचे बॉक्स येतायत. पेढा नाही म्हटलं तर माणूस दुसरंच समजतो. चिमूटभर तोंडात टाकला, अभिनंदन केलं, उरलेला कामावरच्या पोराला. पुढच्यानं चिमूटही मोठ्या मनानं मान्य केली. हे लक्षात ठेवायचं. लोकांना ताटलीतलं संपलेलं बघायचं नसतं, आपण सोबत आहोत एवढं बघायचं असतं.

१९ डिसेंबर
पुतणीची सुपारी फुटली. २ फेब्रुवारी, वसंत पंचमी. दादांचा आवाज फोनवर भरून आला. त्यांच्या घरातलं पहिलं लग्न.
वहिनी हिला सांगत होत्या, दादा हल्ली रात्रीत दोन-तीनदा उठतात. उशाला तांब्या लागतो.

२० डिसेंबर
झोप आली नाही.

२२ डिसेंबर
दादांना म्हणालो, एकदा रक्त तपासू. "लग्न होऊ दे." आमचे वडील, नानाही असंच म्हणायचे. सुगी होऊ दे.

२५ डिसेंबर
पहाटे भक्तिस्थळापर्यंत चालून आलो. थंडी कडक. वाटेत दोन ओळखीचे. दोघांचाही आग्रह चहाचा.

२९ डिसेंबर, रविवार
माळेगावची यात्रा आजपासून. दुकानावरून नांदेडकडं गाड्यांची रांग. यंदा जाता आलं नाही. घरात येळवसीची, वेळ अमावस्येची घाई.
रात्री भज्जीला बसलो. बसलो म्हणजे निवडायला, कालवायचं काम बायकांचं. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, कांद्याची पात, तुरीचे हिरवे दाणे, वाटाणा, वाल, गाजर, चिंच. सगळं शिजवून त्यात ताकात कालवलेलं डाळीचं पीठ सोडायचं. आई चुलीपाशी पाटावर. वय झालं, पण पळी दुसऱ्याच्या हातात देत नाही. पीठ सोडताना ती एका हातानं सोडते आणि दुसऱ्या हातानं ढवळते, गुठळी म्हणून नाही. बारानंतर घट्ट बुडबुडे फुटायला लागले तेव्हा तिनं पळी उलटी करून बघितली. धार तुटत नव्हती. "झाली," म्हणाली.
आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर जे लिहून दिलंय, डाळी, पालेभाज्या, हिरवे दाणे, ते सगळं या एका पातेल्यात आहे. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग लातूरला कशाला गेला होतास?"

३० डिसेंबर, सोमवार
येळवस. जिल्ह्याला सुटी, गाव सगळं शिवारात.
आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन ही पुढं, मागं आम्ही. कोपाला कडबा शेजारच्या रानातून मागून आणला. आमच्या शिवारात खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा. ज्वारीचं वावर नजरेला पडायला बांध ओलांडत जावं लागतं. पेंढ्या रचून कोप केला, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, वर शाल. आंबील शिंपडत फेरा मारला. पोरांचा गलका.
पुण्याहून आलेल्या पोरांनी गाडीच्या डिकीतून थंड पेयाच्या मोठ्या बाटल्या काढल्या. लेबल वाचलं. शंभर मिलीत दहा ग्रॅमवर साखर. एक पेला म्हणजे चार-पाच चमचे. धाकटा नातू दोन पेले प्यायला आणि मग भज्जीला तोंड लावेना. मला फार वाईट वाटलं. बाटल्या उचलून गाडीत ठेवल्या आणि पोरांच्या हातात आंबिलाचे पेले दिले. सून जरा नाराज झाली. होऊ दे. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, थंडगार. दुसऱ्या खेपेला त्यानं स्वतः पेला पुढं केला.
माझं पान: भज्जी दोनदा, उंडा एक, भरीत, गाजर-मुळा. गव्हाची खीर दोन घास, आईनं भरवली म्हणून. शेंगाच्या पोळीला हात लावला नाही. आंबिलाला मीठ फार असतं, रक्तदाबाच्या माणसानं जपावं. हे हिला सांगून पुढच्या वेळी कमी करायचं.
मग बांधाबांधानं फिरणं. प्रत्येक रानात बोलावणं, प्रत्येक कोपापाशी घास. पण मधे चालणं होतं. एका जागी बसून खाणं नाही. चार वाजता मशीनवर १४६. विश्वास बसेना, दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतलं.

दादा आंब्याखाली बसून होते. पाय चोळत होते. मुंग्या येतात म्हणाले. नानांची शेवटची येळवस याच आंब्याखाली. गाडीतून उतरवून आणलं होतं, मांडीपासून धोतर रिकामं. त्यांनी पोळ्या मागून घेतल्या होत्या आणि आम्ही वाढल्या होत्या. आता कशाला अडवायचं म्हणून.
दादांच्या शेजारी बसलो. मशीन खिशातच होतं. ते नको म्हणाले. मी बोट धरलं.
३१२.

संध्याकाळी हेंडगा पेटवून पोरं पळाली. दादा बोलले नाहीत.

३१ डिसेंबर
नांदेड रोडच्या धाब्यावर वर्षाची बैठक. जायचं की नाही यावर दुपार गेली. गेलो. मित्र वर्षातून एकदा जमतात. आधीच सांगितलं, गोळी सुरू आहे, वरून दारू पडली तर साखर खाली घसरते, रात्री झोपेत कळायचंही नाही. एकानं ग्लास भरलाच. दुसऱ्यानं उचलून स्वतःकडं ठेवला. लिंबू-सोडा, मीठ घालून. चखण्याला तळलेलं सोडून उकडलेली अंडी, काकडी मागवली. माझ्यामुळं बाकीच्यांनीही काकडीच जास्त खाल्ली.
जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. हे बैठकीत सांगत बसलो नाही. परत येताना गाडी मी चालवली, सगळ्यांना दारात सोडलं.

३ जानेवारी २०२५
दादांना लातूरला नेलं. तीन महिन्यांची साखर १०.६. तळपायाला सुई टोचलेली नीट कळत नाही. गाडीत येताना म्हणाले, "लग्नात कुणाला सांगू नको."

५ जानेवारी, रविवार
हुरड्याचं आमंत्रण. आगटीतून कणसं काढून चोळून देतात. हुरडा गोड लागतो कारण दाण्यातली साखर अजून पिठात बदललेली नसते. एक ओंजळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही. दादा आलेच नाहीत. त्यांना हे असं तोडून टाकणं बरं नाही. माणसांतून उठून गेलं की औषधंही सुटतात.

९ जानेवारी
दादांच्या घरी. वहिनींनी सगळं घरच पथ्यावर आणलंय, पोरी वैतागल्यात. दादा ताटावर बसतात आणि उठतात. भज्जी करा म्हणालो.

१३ जानेवारी
भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लेकुरवाळी भाजी. दादा आमच्याकडं जेवले. भाजी दोनदा, भाकरी एक. जेवण झाल्यावर दोघं बाजार समितीपर्यंत चालत गेलो. बोलणं सगळं लग्नाच्या खर्चाचं.

१४ जानेवारी
संक्रांत. दुकानात दिवसभर तीळगूळ. चिमूट, अभिनंदनाच्या पेढ्यासारखी.
हिनं वाणाला या वर्षी कारळाची चटणी केली. पुड्या बांधताना शेजारणी म्हणाल्या, हे काय वाण. नंतर दोघी-तिघी परत आल्या, कृती विचारायला.

१९ जानेवारी, रविवार
आचारी आला. माणसं सहाशे. दादांनी यादी काढली: मांडवात थंड पेय, बुंदी, गुलाबजाम, पनीर, पुरी, भात, शेवटी आईस्क्रीम. मी म्हणालो, दादा, या सहाशेंत तुमच्या-माझ्यासारखे किती असतील? ते म्हणाले, "लोक म्हणतील, पोरीच्या लग्नात पैसे वाचवले."
हा धसका खरा आहे. तो नुसता बोलून जात नाही.
म्हणून खर्च कमी करा असं म्हणालोच नाही. भाकरी वाढवा म्हणालो. चुलीवरची गरम ज्वारीची भाकरी, बचत गटाच्या बायका मांडवात बसून थापतील. पुरीपेक्षा महागच पडेल, आणि लोक बघत उभे राहतील. मांडवाच्या तोंडाशी पाण्याचे माठ आणि ताक. गोड एकच, गव्हाची खीर, वाटीत, मागेल त्याला. हातावरून वाढायचं नाही. आणि पंगत बाराला सुरू, अक्षतांची वाट न बघता, गोळ्या-इन्सुलिनवाल्यांसाठी.
आचाऱ्याला भज्जीचं विचारलं. तो म्हणाला, फेब्रुवारीत हरभऱ्याचा पाला जून होतो, घाटे धरतात. सोले, वाल, वाटाणा मिळतील, पाल्याऐवजी मेथी-पालक घालू. सहाशे माणसाला चार पातेली.
दादा बराच वेळ यादी बघत राहिले. गुलाबजाम त्यांनी स्वतः खोडला. बुंदी ठेवली.

२१ जानेवारी
बुंदीवर वहिनींचा आणि माझा वाद. आई वहिनींच्या बाजूनं. बुंदी राहणार.

२३ जानेवारी
पंगत बाराला, हे दादांना पटलं. त्यांना स्वतःला साडेबाराला जेवायचंय. वधूपित्यानं आधी कसं जेवायचं, हा प्रश्न आईनं सोडवला: "मांडवामागं मी वाढीन."
व्याह्यांना कळवायचं राहिलंय. आईस्क्रीम त्यांच्या आग्रहाचं होतं. दादा म्हणाले, उद्या उदगीरला जाऊन समोरासमोर बोलू, फोनवर नको. चहा तिथंही होईलच, म्हणून सकाळी इथूनच फोन करून बिगरसाखरेचा सांगून ठेवतो. दोन कप.