दिलेलं परत घ्यायचं नाही

मी चौथीत होते तेव्हा आमचा पोपट, मिठू, गेला. दादानं पेरूच्या झाडाखाली खड्डा खणला. कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी माझा लाडका लाल काचमणी मिठूच्या पंखाखाली ठेवला. दोन दिवसांनी मात्र त्या मण्यासाठी जीव तुटायला लागला! खुरपं घेऊन निघाले, तर आजीनं हटकलं. "अगं, दिलेलं असं परत घ्यायचं नसतं!" मी गुपचूप खुरपं ठेवून दिलं.

दोस्तांनो, खूप वर्षांनी मला तो मणी आठवला, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. काचेआड एका थैलीचं झाकण होतं, जेमतेम वीतभर. त्यावर सोन्याचे नि लाल खड्यांचे पक्षी. बाकदार चोचीचा शिकारी पक्षी बदकावर झडप घालतोय! खडे गार्नेटचे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. सोन्याच्या पातळ पट्ट्यांची इवलीइवली घरं करून प्रत्येक घरात त्याच मापाचा खडा बसवलेला. खड्याखाली नक्षीदार सोन्याचा पत्रा. त्यावरून उजेड परत फिरतो आणि पक्षी निखाऱ्यासारखा फुलतो.

हे झाकण सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका दफनातलं. इंग्लंडमध्ये सटन हू इथे १९३९ साली बॅसिल ब्राऊन यांनी एक टेकाड खणायला घेतलं. बाराव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस स्वतःच शिकलेला. मातीत त्यांना २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा सापडला. लाकूड कुजलेलं, गंजके खिळे तेवढे रांगेत! कुणा बड्या माणसाला, बहुधा राजाला, जहाजासकट पुरलं होतं. त्याचा देह मातीत विरून गेला होता. थैलीही उरली नव्हती. उरली होती तिच्यातली ३७ सोन्याची नाणी आणि झाकणावरचे हे पक्षी.

मी मनात म्हटलं, आजी काय म्हणाली असती? दिलेलं उकरून काढलंच की! पण काढलं नसतं, तर चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या सोनाराची करामत कुणाला दिसली असती? चौकशीत हा खजिना जमिनीच्या मालकीणबाई एडिथ प्रेटी यांचा ठरला. आणि त्यांनी तो म्युझियमला देऊन टाकला. आजीला हे नक्की आवडलं असतं.

माझा मणी अजून पेरूखालीच आहे. कधी कुणी तिथे खणलं, तर त्याला एवढं कळावं, की इथे कुणाचा तरी फार लाडका पक्षी होता.